आलेले पाणी, गेलेले पाणी

पुण्याच्या नगर रस्त्यावरील सेमिनरीत आम्ही शिकत होतो, तेव्हा सुटीच्या दिवशी संध्याकाळी पायी बंडगार्डनपर्यंत जाण्याचा आमचा परिपाठ असे. तेथील बंधारा एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभा राहिला. छावणीच्या भागाला पिण्याचे पाणी मिळावे हा त्यामागील हेतू होता. आमच्या वेळी, म्हणजे १९९० नंतरच्या काही वर्षांत, त्याच पाण्याजवळ उभे राहताना नाकाला रुमाल लावावा लागे. ज्या पाण्याने एके काळी घागरी भरत, त्याची ही दशा कशी झाली, असा प्रश्न त्या वयात आम्हांस पडला नाही. आम्ही पुलावरचा वारा घेत असू आणि परत फिरत असू.

तो प्रश्न पडला पुढे बऱ्याच वर्षांनी, आणि तो आमच्या मनाने नव्हे, एका बाईने विचारला म्हणून. पुणे जिल्ह्यातील एका लहान गावी आमची नेमणूक होती. गावाला बाजारपेठ होती, हायस्कूल होते, नळपाणी योजनाही झाली होती. धर्मगुरूनिवासाच्या मागची शौचकुंडाची टाकी भरून वाहू लागली, म्हणून आम्ही उपसणारा टँकर बोलावला. तिघे जण आले, त्यांनी दोन तासांत काम उरकले, आम्ही पैसे दिले आणि निश्चिंत झालो. टँकर कोठे रिकामा होणार, हे विचारावे असे आमच्या डोक्यातही आले नाही. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर ओढ्याकाठच्या वस्तीतील एक वयस्कर बाई थांबली. "फादर, तुमच्या घरची घाण आमच्या दारात कशापायी सोडली?" एवढेच ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणे अधिकच कठीण झाले. त्या दिवसापासून आम्ही गेलेल्या पाण्याचा इतिहास शोधू लागलो. त्यात जे हाती लागले, ते येथे मांडीत आहोत.

पाण्याच्या इतिहासाचे दोन भाग आहेत. पाणी गावात आले कसे, हा पहिला. तो सर्वांना ठाऊक असतो, कारण त्यावर कोनशिला बसवतात. पाणी गावातून गेले कोठे, हा दुसरा. त्याला कोनशिला नाही. आपल्या भाषेने त्या पाण्याला नावच 'सांडपाणी' असे दिले, म्हणजे जे सांडून दिले, ज्याच्याशी आपला संबंध उरला नाही असे पाणी.

पुण्याचेच पाहा. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला व तेथून जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात पाणी आणले. वाटेतील उच्छ्वास, पेठापेठांतील हौद आणि वाड्यांतील कारंजी यांचे कौतुक आजही होते, आणि ते योग्यच आहे. पुढे इंग्रज अमदानीत खडकवासल्याचे धरण झाले. कॅप्टन फाइफ यांच्या योजनेनुसार बांधलेले हे दगडी धरण १८७९ साली पूर्ण झाले, त्याच्या जलाशयाला लेक फाइफ असे नाव मिळाले आणि मुठेच्या कालव्यांनी शहर व शेती दोहोंना पाणी मिळू लागले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून खडकवासल्याचे धरणही गेले, तेव्हा पुणेकरांना कळले की आपण या आलेल्या पाण्यावर किती अवलंबून आहोत.

परंतु हौदातून घरात गेलेले पाणी मोरीतून बाहेर पडल्यावर कोठे जाई? आंबील ओढा, नागझरी, माणिक नाला, भैरोबा नाला ही नावे पुण्याच्या नकाशावर आहेत. हे मूळचे पावसाळी प्रवाह. शहर वाढले तसे ते शहराची गटारे झाले. घरोघरी टोपलीचे संडास होते आणि त्यांतील मैला माणसांनी वाहून न्यावा अशी व्यवस्था होती. भुयारी गटारे आली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तीही शहराच्या काही भागांपुरती. म्हणजे कात्रजच्या नळानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ पुण्याने आलेल्या पाण्याचा विचार केला आणि गेलेल्या पाण्याचा विचार ओढ्यांवर व काही विशिष्ट जातींवर सोपवला.

यात पुणेच तेवढे दोषी आहे असे कोणी समजू नये. लंडन शहरात १८५४ साली जॉन स्नो या वैद्याने ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाचा आणि पटकीच्या साथीचा संबंध दाखवून दिला. तरीही मोठे काम हाती घेण्यास १८५८ चा उन्हाळा उजाडावा लागला. त्या वर्षी टेम्स नदीची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या खिडक्यांत शिरली, आणि सभासदांनी तातडीने निधी मंजूर केला. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने बांधलेल्या भुयारी गटारांनी लंडन वाचवले हे खरे. पण त्या गटारांनी मैला शुद्ध केला नव्हता, शहराच्या पूर्वेस खालच्या अंगाला नेऊन सोडला होता. मैलापाणी खरोखर निर्मळ करण्याची आजची प्रमुख रीत सापडली ती १९१४ साली मँचेस्टरला. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवले की मैलापाण्यात हवा खेळवीत राहिले म्हणजे त्यातील जिवाणू झपाट्याने वाढतात, घाण खाऊन टाकतात आणि गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. तो गाळ पुन्हा नव्या पाण्यात मिसळला की काम अधिक वेगाने होते. निसर्ग नदीच्या पात्रात जे काम सावकाश करतो, तेच येथे टाकीत काही तासांत होते. पुण्यातील मोठ्या केंद्रांतून याच तत्त्वाचे निरनिराळे प्रकार चालतात. आधी जाळीने कचरा अडवणे, मग वाळू बसू देणे, मग हवेच्या टाकीत जिवाणूंचे काम, मग पुन्हा निवळण आणि शेवटी रोगजंतूंचा नाश.

आता या कथेतील माणसांकडे वळू. टोपली वाहणारा माणूस आपल्याकडच्या गेलेल्या पाण्याच्या इतिहासातला मुख्य पुरुष आहे, आणि स्त्रीही. त्याच्याविषयी पहिला मोठा झगडा आमच्या पुण्याशी जोडलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन, १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद करणारे ते हेच. त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांकडे मागणी केली की आपणांस संडास साफ करण्याचे काम द्यावे. हे काम एका जातीचे, तुम्हांला ते देता येत नाही, असे उत्तर मिळाले. अप्पांनी अन्न कमी करून सत्याग्रह आरंभला. त्या वेळी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. पुणे करार होऊन अडीच महिनेही झाले नव्हते. अप्पांच्या मागणीस पाठिंबा म्हणून गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी येरवड्यात उपवास सुरू केला, आणि सरकारकडून अनुकूल आश्वासन मिळाल्यावर तो लवकरच सुटला. एका सुशिक्षित ब्राह्मणाला मैला उचलू द्यावा म्हणून झालेला हा उपवास. देशाच्या इतिहासात त्याला दोन ओळींपेक्षा अधिक जागा सहसा मिळत नाही.

अप्पा केवळ मैला उचलून थांबले नाहीत, यात त्यांचे खरे मोठेपण आहे. माणसाने माणसाची घाण वाहू नये असे वाटत असेल, तर वाहण्याची गरजच पडणार नाही असा संडास हवा, हे त्यांनी ओळखले. कणकवलीजवळ १९४८ साली त्यांनी गोपुरी आश्रम स्थापला. तेथे जो संडास त्यांनी रूढ केला, तो गोपुरी संडास म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला दोन कप्पे असतात. एक वापरायचा, प्रत्येक वेळी वर माती किंवा पालापाचोळा टाकायचा, आणि तो भरला की बंद करून दुसरा वापरायचा. काही महिन्यांनी बंद कप्प्यात उरते ते काळसर, भुसभुशीत, वास नसलेले खत. मराठीत त्याला सोनखत म्हणतात. ज्या भाषेने सांडपाणी हा शब्द घडवला, तिनेच हाही शब्द घडवला. एका शब्दात टाकून देणे आहे, तर दुसऱ्यात सोने आहे.

ही कल्पना पुणे जिल्ह्यात रुजवली ती देहूने. पुण्याच्या वायव्येस सुमारे तीस किलोमीटरवर इंद्रायणीच्या काठी वसलेले तुकाराममहाराजांचे हे गाव. १९६० च्या सुमारास डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर तेथे सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. दवाखान्यात येणारे बहुतेक रोगी जंत, हगवण, कावीळ अशा एकाच मुळाच्या विकारांनी आजारी असत. औषध द्यावे, रोगी बरा व्हावा, आणि महिन्याभराने तोच रोगी पुन्हा दारात उभा राहावा. कारण उघड होते. गावात संडास जवळजवळ नव्हतेच, सारे गाव उघड्यावर परसाकडे जाई आणि पावसाबरोबर ते सारे विहिरीत व नदीत उतरे.

डॉक्टरांनी संडास बांधण्यास सुरुवात केली. पहिला प्रयत्न फसला, पावसाळ्यात खड्डे ढासळले आणि लोकांचा विश्वास उडाला. सामान्यतः येथे गोष्ट संपते. सरकारी अधिकारी अहवाल लिहितो, बदली मागतो, आणि 'लोकच अडाणी' असे सांगत निवृत्त होतो. मापुसकर देहूतच राहिले. त्यांनी चूक लोकांची न मानता रचनेची मानली, अप्पासाहेबांच्या कामाचा अभ्यास केला आणि घराघरांशी वर्षानुवर्षे बोलत राहिले. पुढे त्यांनी अप्पांच्या मूळ कल्पनेत सुधारणा करून मैल्यावर चालणारे वायुसंयंत्र सिद्ध केले. त्याचे नाव मलप्रभा. संडासातील मैला नळाने थेट जमिनीखालच्या बंद घुमटात जातो. हवा नसलेल्या त्या अंधारात वेगळ्या जातीचे जिवाणू काम करतात, जळाऊ वायू तयार होतो, तो चुलीला मिळतो, आणि कुजून निघालेली मळी शेतीला उपयोगी पडते. मैल्याला कोणाचा हात लागत नाही.

मैल्यातून वायू मिळतो हे ज्ञान तसे जुने आहे, आणि महाराष्ट्राचेच आहे. मुंबईत १८९० साली म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्यास कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले. तेथील मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू १८९७ च्या सुमारास गोळा करून कामी लावण्यात आला. जगभरच्या या विद्येच्या इतिहासांत माटुंग्याचे नाव येते. समाजाने ज्यांना दूर लोटले त्यांच्या वस्तीत, समाजाने टाकलेल्या वस्तूपासून कामाचा वायू निघाला, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंना तरी विसरता येऊ नये.

डॉ. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यापूर्वी, २००० साली, राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले होते. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या त्या महापुरुषाचे नाव अशा कामाला मिळाले, हे उचितच झाले. अभियानामुळे हजारो गावांत संडास उभे राहिले. येथवरचा इतिहास समाधानाचा आहे.

पण संडास झाला म्हणजे सांडपाण्याचा प्रश्न सुटला असे नाही, उलट नवा प्रश्न सुरू होतो. विहिरीवरून हंडे आणणारे कुटुंब पाणी जपून वापरी आणि मोरीचे थोडे पाणी परसातल्या केळीला जाई. नळ आला की हिशेब बदलतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी वापरून बाहेर पडते, असे अभियंते धरतात. दहा हजार वस्तीच्या गावी रोज साडेपाच लाख लिटर पाणी आले, तर सुमारे चार लाख चाळीस हजार लिटर सांडपाणी बाहेर जाणार. ते जाणार कोठे? आलेल्या पाण्याच्या योजनेचा फलक गावच्या वेशीवर असतो, पण गेलेल्या पाण्याची योजना बहुतेक गावी नसतेच. शौचकुंडाची टाकी भरते, तिचे तोंड गटारात काढलेले असते, गटार ओढ्याला मिळते. आमच्या त्या गावी हेच घडत होते, फक्त आमच्या वेळी ते टँकरने घडले.

लहान गावाला शहरासारखे खर्चिक यंत्र परवडत नाही. वीजबिल थकले की यंत्र बंद पडते आणि इमारत तेवढी उरते. परंतु लहान गावाजवळ शहराजवळ नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे जागा. उथळ तळी बांधून त्यांत सांडपाणी काही आठवडे ऊन व शेवाळ यांच्या स्वाधीन केले, तरी ते पुष्कळ निवळते. मोरीच्या पाण्यासाठी तर शोषखड्डा पुरतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे नाहीशी केली, डासही हटले, आणि ती पद्धत नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर ओळखली गेली. खड्ड्यात दगडगोटे, मध्ये भोके पाडलेली टाकी, आणि पाणी हळूहळू जमिनीत. मात्र मैल्याचे पाणी व मोरीचे पाणी वेगळे ठेवले पाहिजे, विहिरीपासून अंतर राखले पाहिजे, आणि वर्षातून एकदा तरी गाळ काढला पाहिजे. यात अवघड असे काही नाही, फक्त रोजची आठवण लागते.

मोठ्या शहरांचे चित्रही याहून फार उजळ नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशाच्या नागरी भागात दररोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते, आणि उभारलेली शुद्धीकरणाची क्षमता त्याच्या निम्म्याहून कमी होती. पुण्याच्या मुळा-मुठेसाठी जपानकडून कर्ज घेण्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. अकरा नवी केंद्रे, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता अशी ती योजना. करार झाल्यावर बांधकामास हात लागेपर्यंतच कित्येक वर्षे गेली. दरम्यान मुंढव्याजवळ नदीतील वापरलेले पाणी उचलून कालव्यात सोडण्याची व्यवस्था झाली, आणि हवेली-दौंडकडची शेते त्यावर भिजू लागली. शहराने धरणाचे निर्मळ पाणी घ्यावे आणि शेतकऱ्याला वापरलेले पाणी परत करावे, हा व्यवहार न्याय्य ठरायचा असेल तर परत केलेले पाणी खरोखर शुद्ध असले पाहिजे.

टोपली गेली, तरी माणूस गटारात उतरण्याचे थांबलेले नाही. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ मरण चालूच आहे. त्या दिवशी आमच्या टाकीवर आलेल्या तिघांपैकी एकाच्याही हातात मोजे नव्हते. ते आम्ही पाहिले होते. त्यांना चहा द्यावा हेही आम्हांस सुचले नाही, हे आज लिहिताना मान खाली जाते.

नकाशा पुढे घेऊन बसावे म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेलाच मिळते. भीमा पुढे उजनीच्या धरणात जाते आणि तेथून पंढरपुरी, जेथे तिला चंद्रभागा म्हणतात. दरवर्षी ज्येष्ठात देहूहून पालखी निघते आणि लाखो वारकरी पायी पंढरपूरला जातात. त्यांच्या बाजूने, त्याच दिशेने, वर्षाचे बाराही महिने आपले गेलेले पाणीही पंढरपूरला जात असते. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना अलीकडच्या वर्षांत अनेकांनी पाहिला आहे. वारकरी त्यात स्नान करतो, आणि त्याच्या श्रद्धेला दोष देण्याचा अधिकार तो फेस सोडणाऱ्यांना नाही.

जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात छावणीसाठी एक साधा नियम आहे. बहिर्दिशेस छावणीबाहेर जावे, बरोबर खुरपे न्यावे, खणावे आणि झाकावे. सेमिनरीत हा भाग आम्ही हसू दाबून वाचला होता. आता वाटते, देव छावणीतून फिरतो म्हणून ती स्वच्छ ठेवा, असे जो धर्मग्रंथ सांगतो, त्याचे वाचक म्हणवणाऱ्या आम्ही तरी टँकर कोठे गेला हे विचारायला हवे होते.

त्या बाईला आम्ही त्या दिवशी काही उत्तर दिले नाही. पुढच्या महिन्यात वस्तीतील तरुणांना बरोबर घेऊन धर्मगुरूनिवासाच्या आवारात मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा खणला आणि टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी वेगळी व्यवस्था केली. ग्रामसभेत ओढ्याचा विषय मांडला, तेव्हा दोघातिघांनी मान डोलावली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. त्यानंतर आमची बदली झाली. ओढ्याचे काय झाले हे पाहण्यास आम्ही एकदा मुद्दाम गेलो होतो. पाणी अजून काळेच होते. मात्र ओढ्याकाठच्या पाच-सहा घरांपुढे खड्ड्यांवर दगड रचलेले दिसले, आणि त्यांतले एक घर त्या बाईचे होते. खड्डा कोणी खणून दिला, असे आम्ही विचारले. "कोण देतंय, फादर? आम्हीच खणला," ती म्हणाली, आणि आम्हांस पाणी आणायला आत गेली.